सोलब्रितचं शुद्धिपत्र

पहिला खिळा वाकला.

"सदतीस वर्षं दुसऱ्यांच्या हातात हातोडी देतेयस, आणि स्वतःला एक खिळा ठोकता येत नाही?" सोलब्रितची मार्गदर्शक हिलेवी म्हणाली.

"देत होते. ठोकत कुठे होते?" सोलब्रितने वाकडा खिळा उपटला आणि दुसरा घेतला. "आणि आज ते नेहमीचं वाक्य म्हणायचं काम तुझ्याकडे आहे. सगळ्यांना मी म्हणते."

"अंगठा सांभाळ," हिलेवी गंभीर चेहरा करून म्हणाली.

दुसरा खिळा बसला. सोलब्रितचा प्रबंध, कोपऱ्याला भोक पाडून दोरीला ओवलेला, इतिहास विभागाच्या बोळातल्या लाकडी फळीवर लटकू लागला. आता जाहीर परीक्षेपर्यंत तीन आठवडे तो तिथेच राहणार होता. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणीही थांबून वाचावा आणि काही खटकलं तर बोलावं, यासाठी हा रिवाज. एरवी थांबून वाचत कोणी नाही. फारतर आभाराचं पान उघडून आपलं नाव आहे का ते बघतात.

विभागाची ही हातोडी सोलब्रितच्या टेबलाच्या तिसऱ्या खणात असे. ती इथली सेक्रेटरी. आजवर एकसष्ट उमेदवारांना तिने ही हातोडी दिली होती आणि एकसष्टांनाही अंगठा सांभाळायला सांगितलं होतं. पहिली अकरा वर्षं हातोडी मागायला एकही बाई आली नव्हती. तेव्हाच्या बाया टाइप करत, कॉफी करत आणि उमेदवारांच्या बायका म्हणून समारंभाला येत. सोलब्रित स्वतः सोळाव्या वर्षी शाळा सोडून टंकलेखन शिकलेली. एकोणपन्नासाव्या वर्षी तिला काय अवदसा आठवली कोण जाणे, तिने संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. मग पदवी घेतली आणि मग हे. आता साठी आली होती, जूनअखेर निवृत्ती होती आणि मे महिन्याच्या तेवीस तारखेला जाहीर परीक्षा. विषय होता जंगलातल्या लाकूडतोड्यांच्या छावण्यांत स्वयंपाक करणाऱ्या मुलींचा. हिवाळाभर वीस-वीस पुरुषांना रांधून घालणाऱ्या या सतरा-अठरा वर्षांच्या पोरी पत्राद्वारे शिक्षण घेत होत्या, आणि पुढे त्यांनीच गावोगाव वाचनमंडळं काढली, असं तिने दाखवून दिलं होतं.

"चौथं प्रकरण म्हणजे तुझा कळस आहे," हिलेवी जाताना म्हणाली. "चौऱ्याऐंशी नंबरचं पान तर मी आईला फोनवर वाचून दाखवलं."

सोलब्रित त्या रात्री सुखाने झोपली. पुढे दोन आठवडे तिला ते सुख मिळायचं नव्हतं.

सोमवारी तळघर आवरायचं काम निघालं. विभाग उन्हाळ्यात नव्या इमारतीत जाणार होता, आणि जुनी खोकी उघडून ठेवायचं काय, टाकायचं काय हे सांगू शकेल अशी एकटी सोलब्रितच उरली होती. सातव्या खोक्यात अर्धवट सुटलेल्या प्रबंधांच्या कार्बन कॉप्या होत्या. त्यातला एक गठ्ठा तिने ओळखला तो कागदाच्या खालच्या कडेवरून. प्रत्येक पानाखाली टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं होती, आणि ती तिची होती. एकोणीसशे एक्काहत्तर. 'छावणीतल्या स्वयंपाकिणी, पहिला मसुदा. इंगेगेर्ड फोर्सेल.'

तिला इंगेगेर्ड आठवली. उंच, मोठ्या पावलांनी चालणारी. जुळी मुलं झाली आणि ती यायची बंद झाली. काम सुटलं एवढंच कानावर आलं होतं. प्रबंध लिहिताना सोलब्रितला हा मसुदा आठवला होता, तिने दोनदा शोधलाही होता, पण मिळाला नव्हता. प्रस्तावनेत 'यापूर्वी या विषयावर एक अपूर्ण प्रयत्न झाला होता' अशी ओळ तिने घातली होती.

उभ्या उभ्या तिने पानं चाळली. एक्केचाळिसाव्या पानावर तिचा हात थांबला.

'छावणीतल्या मुलीचा दिवस सगळ्यांच्या आधी सुरू होई आणि सगळ्यांच्या नंतर संपे. मधल्या वेळाला नाव नव्हतं. पुरुष करवतींना धार लावत बसत, तेव्हा ती पिठाच्या हातांनी पत्रशाळेच्या धड्याची पानं उलटत असे. त्या पानांवर अजून पिठाची बोटं उमटलेली आहेत. आपण शिक्षणाचा इतिहास लिहायला बसतो तेव्हा ती आधी झटकून टाकतो.'

तिने पुन्हा वाचलं. मग ती खोक्यावरच बसली. हे तिचं चौऱ्याऐंशी नंबरचं पान होतं. शब्द न् शब्द. अर्धं पान पुढेही तसंच, स्वल्पविरामासकट.

पुस्तकातून उतरवून घ्यावं तसं तिने हे उतरवलं नव्हतं. तो परिच्छेद लिहिल्याची संध्याकाळ तिला लख्ख आठवत होती. स्वयंपाकघरातलं टेबल, बाहेर उणे वीस, आणि बोटं आपोआप चालत होती. एकही शब्द खोडावा लागला नव्हता. एव्हेर्ट, तिचा नवरा, म्हणालासुद्धा होता, "आज काय मशीन लागलंय का तुला?" आपल्याला सुचतंय, आपणही लिहू शकतो, या आनंदात ती त्या रात्री एकटीच हसत होती. आणि सुचत काहीच नव्हतं. बत्तीस वर्षांपूर्वी याच बोटांनी तो मजकूर टाइप केला होता, आणि बोटं तो विसरली नव्हती.

यातली खरी बोचणी वेगळीच होती. बारा वर्षांपूर्वी एका तोऱ्यातल्या उमेदवाराची उसनवारी सोलब्रितनेच पकडली होती. "ही चार पानं मी सत्याहत्तर साली टाइप केली आहेत, तेव्हा ती तुमची नव्हती," असं तिने त्याला सगळ्यांसमोर ऐकवलं होतं. त्याला पदवी मिळाली नव्हती. त्या दिवशी तिने खुशीत घरी पॅनकेक केले होते.

हिलेवीने दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचली. मग उठून दार लावलं.

"अर्धं पान आहे," ती म्हणाली.

"अर्धं का होईना."

"हे कधी छापलं गेलं नाही. वाचलं कोणी नाही. खोकं कचऱ्यात जाणार होतं. सोलब्रित, अकरा वर्षं राबलीस तू. तू हे मला दाखवलं नसतंस तर..." हिलेवीने वाक्य सोडून दिलं आणि कपाळ चोळलं. "नको. मी हे बोललेच नाही असं समज."

"समजले."

"विद्याशाखेच्या प्रमुखांना कळवावं लागेल. ते परीक्षा रद्दही करू शकतात. तुझ्या निवृत्तीआधी पुन्हा तारीख मिळणं कठीण. आणि चोरीचा शिक्का बसला तर मग कधीच नाही."

"माहीत आहे मला. ते नियम तीनदा टाइप केलेत मी."

प्रमुखांनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, की ही बाई हयात आहे का? असेल, तर तिचं म्हणणं काय ते आधी कळू दे. पुढच्या मंगळवारी समिती ठरवेल.

"इंगेगेर्ड फोर्सेल?" एव्हेर्टने बटाटा सोलता सोलता विचारलं. "पुस्तकांच्या बसवाली?"

"तू ओळखतोस?"

एव्हेर्टने श्वास सर्रकन आत ओढला. आमच्या उत्तरेत यालाच 'हो' म्हणतात. जिभेला तेवढेच कमी कष्ट. "सव्वीस वर्षं ती किनाऱ्यावरच्या गावांना बस न्यायची. मी पुढे बर्फ हटवत जायचो, मागून ती. कधी थांबायची नाही. मी कॉफी प्यायला थांबलो तर हॉर्न वाजवायची. बायका वाट बघतायत म्हणे."

"रागीट आहे?"

"हॉर्न तरी रागीट होता."

शनिवारी दोघं निघाली. नदीतलं बर्फ फुटून वाहून गेलं होतं, पण खाडीत अजून राखाडी तुकडे तरंगत होते. सोलब्रितच्या मांडीवर कार्बन कॉपीचा गठ्ठा होता. एव्हेर्ट मुद्दाम रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल बोलत होता.

इंगेगेर्ड दारातच उभी होती. तशीच उंच. केस पांढरे. फोनवर सोलब्रितने फक्त एवढंच सांगितलं होतं, की विभागातून येतेय, एक जुनं काम आहे. एव्हेर्टला बघून ती म्हणाली, "अरे, तू? कॉफी प्यायची तर बाहेर पी, तुला थांबायची सवय आहे." एव्हेर्ट खरंच ओसरीवर जाऊन बसला. काय होणार हे त्याला कळत होतं.

"तुम्ही मला ओळखणार नाही," सोलब्रितने सुरुवात केली. "मी तेव्हा टाइपिस्ट..."

"तुम्ही काय? सगळा देश तू म्हणायला लागून तीस वर्षं झाली. बस. आणि तू खिडकीजवळ बसायचीस. निळा स्वेटर."

सोलब्रितने आधी गठ्ठा टेबलावर ठेवला. इंगेगेर्डने वरचं पान पाहिलं आणि हात मागे घेतला.

"हे कुठून आणलंस? माझी प्रत मी चौऱ्याहत्तर साली चुलीत घातली."

"तळघरात होती." मग सोलब्रितने आपला प्रबंध उघडून चौऱ्याऐंशीवं पान समोर धरलं आणि घरून घोकून आणलेलं सगळं सांगितलं. बोटांचं, त्या संध्याकाळचं, मंगळवारच्या समितीचं. रडायचं नाही असं ठरवलं होतं, आणि ती रडली नाही. "तू हरकत घेतलीस तर ती बरोबरच असेल. मला तेच सांगायचं होतं. स्वतः येऊन."

इंगेगेर्ड दोन्ही पानं ओळीवर ओळ ताडून बघत राहिली. कॉफी उकळून वर आली तेव्हा उठली, कॉफी ओतली, इकडच्या रिवाजाप्रमाणे कपात चीजचे तुकडे टाकले.

"प्रोफेसरांनी मला काय सांगितलं ठाऊक आहे?" ती म्हणाली. "हा इतिहास नाही, चुलीपुढच्या गप्पा आहेत. घरात जुळी, नवऱ्याची बदली लुलिओला, आणि वर हे. मला वाटलं, खरंच असेल. एवढा शिकलेला माणूस म्हणतोय."

"ते चुकीचं होतं."

"तुला कसं कळलं?"

"मी तीनदा टाइप केलं होतं. दुरुस्त्या आल्या की अख्खं पान नव्याने. तिसऱ्यांदा कागद न बघता केलं. पाठ झालं होतं." सोलब्रित थांबली. "आवडलं होतं मला. माझी आई अशाच छावणीत होती. तिच्याबद्दल कोणी असं लिहील असं वाटलं नव्हतं."

इंगेगेर्डने कप खाली ठेवला. आता तिचा चेहरा खरोखर रागावलेला होता.

"आणि तू बोलली नाहीस?"

"मी टाइपिस्ट होते. टाइपिस्टला कोण विचारतं?"

"मी विचारलं असतं. मी दोन वर्षं त्या बोळातून ये-जा करत होते, कोणी एक शब्द बोलावं म्हणून. एक शब्द, सोलब्रित. पान घेतलंस ते घेतलंस. ते मला चालेल. पण ते चांगलं आहे हे तुला तेव्हा ठाऊक होतं आणि मला बत्तीस वर्षांनी कळतंय, हे मात्र मला अजिबात चालत नाही."

सोलब्रितने आठवडाभर चोरीच्या आरोपाची तयारी केली होती, आणि आरोप निघाला भलताच, पण जास्त खरा. ती मान खाली घालून बसली. तेव्हा आपण काय म्हणू शकलो असतो, याचं वाक्य ती मनात जुळवू लागली, आणि ते फार सोपं निघालं. हे चांगलं आहे, मिसेस फोर्सेल. पाच शब्द.

"मी भित्री होते," ती शेवटी म्हणाली. "बाकी काही कारण नाही."

इंगेगेर्ड उठून खिडकीपाशी गेली. बाहेर एव्हेर्ट तिच्या कुत्र्याशी बोलत होता.

"पिठाची बोटं," ती पाठमोरीच म्हणाली. "हे मी लिहिलं होतं हे मी विसरलेच होते. बरं लिहिलंय नाही?"

"माझ्या मार्गदर्शकाने आईला फोनवर वाचून दाखवलं."

इंगेगेर्डला हसू फुटलं. ते थांबवायला तिने नाक पुसलं, पण थांबलं नाही. "कागद दे इकडे. काय लिहून द्यायचंय त्या समितीला? आणि ऐक, माझं नाव घालशील ते पूर्ण घाल. आणि अपूर्ण प्रयत्न म्हणालीस ना प्रस्तावनेत? तेही काढ. बाई अपूर्ण नव्हती, वेळ अपुरा होता."

मंगळवारी दुपारी तीनला हिलेवी धावत आली. जिने चढून तिला धाप लागली होती.

"परीक्षा होणार," ती म्हणाली. "प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्र घालायचं आणि परीक्षकांना लेखी कळवायचं. शिवाय सभागृहात सुरुवातीलाच मोठ्याने वाचायचं."

सोलब्रितचा जीव भांड्यात पडला. तिने सवयीने विचारलं, "किती प्रती?" आणि उत्तर ऐकायच्या आधीच कागद मशीनमध्ये घातले. दोनशे चिठ्ठ्या तिने स्वतः कापल्या, दोनशे प्रतींत चौऱ्याऐंशी आणि पंच्याऐंशी पानांच्या मध्ये स्वतः चिकटवल्या. विद्यापीठ अशा कामाला मुलं देतं, पण तिने नको म्हटलं. चिठ्ठीवर सहा ओळी होत्या.

'पृष्ठ ८४ वरील दुसरा व तिसरा परिच्छेद माझे नाहीत. ते इंगेगेर्ड फोर्सेल यांच्या १९७१ सालच्या मसुद्यातले आहेत. मी ते टाइप केले होते, आणि पुढे माझे समजून लिहिले. या विषयाचा पहिला अभ्यास त्यांचा आहे. प्रस्तावनेतले "अपूर्ण प्रयत्न" हे शब्द वगळावेत. चूक माझी.'

तेवीस तारखेला सभागृह भरलं होतं. एव्हेर्ट लग्नातल्या कोटात आला होता, आणि कोटाचं बटण लागत नव्हतं. इंगेगेर्ड शेवटच्या रांगेत, दाराजवळ, अंगातला ओव्हरकोट न काढता बसली होती.

"उमेदवाराला काही दुरुस्त्या सांगायच्या आहेत?" अध्यक्षांनी विचारलं. हा प्रश्न दर वेळी विचारतात, आणि उमेदवार कुठे एखादं साल चुकलं, कुठे टिंब राहिलं, ते वाचून दाखवतो. लोक तोवर खुर्च्या सरकवून घेतात.

सोलब्रितने सहाच्या सहा ओळी वाचल्या. शेवटच्या ओळीला खुर्च्यांचे आवाज थांबले होते.

परीक्षक दक्षिणेतून आलेल्या एक कडक बाई होत्या. त्यांनी आपली प्रत उघडली. "या पानाशेजारी मी पेन्सिलने 'उत्तम' असं लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "ते मी खोडत नाही. फक्त आता ते कोणाला सांगायचं, ते कळलं." त्यांनी सभागृहावरून नजर फिरवली. "त्या इथे आहेत का?"

मागून श्वास सर्रकन आत ओढल्याचा आवाज आला.

"मग तुम्हाला सांगते. उत्तम. आणि आता उमेदवाराकडे वळते, कारण बाकीची दोनशे पानं त्यांचीच आहेत आणि त्यांतलं सगळंच काही मला पटलेलं नाही."

पुढचे दोन तास त्यांनी सोलब्रितला चांगलंच पिळून काढलं. वाचनमंडळांच्या आकड्यांवरून पंधरा मिनिटं खडाजंगी झाली, आणि तिथे सोलब्रित एक पाऊल मागे हटली नाही. ते आकडे तिने स्वतः जमवले होते, एकेका गावाच्या वह्या चाळून, आणि कोणाच्या बोटांतून आलेले नव्हते. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, की आपण घाबरलेलोच नाही. जे लपवायचं असतं ते सुरुवातीलाच सांगून टाकलं, तर माणसाला बाकीचं सगळं किती सोपं जातं.

समिती तासभर बंद खोलीत होती. मग दार उघडलं, अध्यक्षांनी "उत्तीर्ण" एवढाच शब्द उच्चारला आणि एव्हेर्टच्या कोटाचं दुसरं बटणही गेलं. हिलेवी रडली. सोलब्रित हसत सुटली ती थांबेचना. लोकांनी केक कापला. कोणीतरी तिला डॉक्टर म्हणालं, आणि तिने मागे वळून पाहिलं, कोणाला म्हणतायत ते.

मागे वळल्यावर तिला दिसलं, की शेवटच्या रांगेत कोणी नाही.

इंगेगेर्ड बोळात होती, फळीसमोर. हातात सहा ओळींची एक सुटी चिठ्ठी. दारातल्या टेबलावरच्या जास्तीच्या चिठ्ठ्यांतून तिने ती घेतली असावी.

"केक घ्यायला चल ना," सोलब्रित म्हणाली.

"येते. ही फळी तेव्हाही इथेच होती. मी रोज जाता येता बघायचे. माझी जागा मी ठरवून ठेवली होती. खालून दुसरी रांग, खिडकीच्या बाजूला. तिथे उजेड चांगला पडतो." ती कोरडं हसली. "वेडेपणा. एक पान टाइप झालं नव्हतं तेव्हापासून."

सोलब्रित आपल्या खोलीत गेली. खोकी भरून झाली होती, भिंती रिकाम्या होत्या, टेबल तेवढं जागेवर होतं. तिने तिसरा खण उघडला. परत आली तेव्हा इंगेगेर्ड तशीच उभी होती. सोलब्रितने तिच्या हातात हातोडी दिली आणि तळहातावर एक खिळा ठेवला, जसा आजवर एकसष्ट जणांच्या ठेवला होता.

"हे चांगलं आहे, मिसेस फोर्सेल," ती म्हणाली. आणि मग, "अंगठा सांभाळा."

या वेळी 'तू म्हण' असं इंगेगेर्ड म्हणाली नाही. तिने चष्मा नीट केला, ओव्हरकोटाची बाही वर सारली आणि चिठ्ठी खालून दुसऱ्या रांगेत, खिडकीच्या बाजूला धरली. तीन घावांत खिळा सरळ आत गेला.

कागद लहान होता. सभागृहाचं दार उघडलं की वाऱ्याने उलटत होता आणि नाव झाकलं जात होतं. इंगेगेर्डने तो तळहाताने दाबून धरला आणि खालच्या कोपऱ्यासाठी आणखी एक खिळा मागितला.